कृष्णाकाठची प्रसिद्धी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे? १९२९ च्या या पुलाशी नदीची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभागात आणि मारुती चौकाच्या आसपास राहणाऱ्यांना आपला उंबरा किती फुटांना ओला होतो हे ठाऊक असते. त्यामुळे पातळीचा आकडा आणि कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधला आकडा हे दोन कानी आले की सामान माळ्यावर टाकायचे की घर सोडायचे, हे माणसाला स्वतः ठरवता येते. त्याच दिवसांत दुसऱ्या एका प्रकारची प्रसिद्धीही चालू होती. पूरग्रस्तांसाठीच्या धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटवलेली दिसली आणि महाराष्ट्रभर त्यावर संताप उसळला. पाकिटात किती किलो धान्य आहे, ते कुणाच्या पैशातून आले, कुणाला मिळाले आणि कोण राहिले, यातले बरेचसे त्या छायाचित्रावरून कळण्यासारखे नव्हते. मराठीत या दोन्ही गोष्टींना आपण प्रसिद्धीच म्हणतो, आणि एकाच शब्दाखाली त्या नांदतात म्हणून दुसरीला पहिलीची प्रतिष्ठा फुकट मिळते. ही प्रतिष्ठा काढून घेतली पाहिजे, असे मला वाटते. त्यासाठी लावायची कसोटीही सातारा-सांगलीच्याच इतिहासात सापडते. जे लोकांपुढे मांडले त्यावर लोकांना उलट प्रश्न विचारता येतो का, आणि विचारला तर उत्तर द्यायला कुणी बांधलेले आहे का, एवढीच ती कसोटी आहे.

रोजच्या बोलण्यात हा भेद लोक पाळतात. जमिनीच्या खरेदीआधी वकील वर्तमानपत्रात ‘जाहीर नोटीस’ देतो. तीत गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, चतुःसीमा असतात, हरकतीची मुदत असते आणि शेवटी वकिलाचे नाव-पत्ता असतो. ही नोटीस कुणी मोठेपणासाठी देत नाही. हरकत असणाऱ्याने पुढे यावे म्हणून ती दिलेली असते. ग्रामसभेची दवंडी याच जातीची. उलट ‘गाजावाजा’, ‘मिरवणे’, ‘चमकोगिरी’ हे शब्द आपण दुसऱ्या जातीसाठी राखून ठेवले आहेत आणि त्यांत नापसंती उघड आहे. गोंधळ होतो तो मधल्या शब्दांशी. कार्यकर्ता प्रसिद्धिपत्रक घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो तेव्हा त्यात बातमी असते की नुसती नावांची यादी, हे तो शब्द सांगत नाही. आणि याची भरपाई म्हणून की काय, आपण ‘प्रसिद्धीपराङ्मुख’ हे विशेषण फार उदारपणे वाटतो. गौरवाच्या भाषणात ते हमखास येते. पण पतसंस्थेचा अध्यक्ष, देवस्थानचा विश्वस्त किंवा पाणीवाटप संस्थेचा सचिव प्रसिद्धीपराङ्मुख असेल तर त्याचे कौतुक कशासाठी करायचे? स्वतःचा फोटो छापू नका म्हणणे हा त्याचा विनय झाला. ताळेबंद फलकावर न लावणे यात विनय कसला? गुप्तदान स्वतःच्या खिशातले असेल तोवर ते पुण्य. लोकांच्या पैशाचा गुप्त व्यवहार हा अपराध आहे. या एका विशेषणाआड आपण दोन्ही झाकतो.

प्रसिद्धी म्हणजे पोकळ डामडौल असे ज्यांना सरसकट वाटते त्यांनी किर्लोस्करवाडीकडे पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठबळाने कारखाना उभा केला. माल होता लोखंडी नांगर आणि गिऱ्हाईक होता लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या धरलेला शेतकरी. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते अशी समजूत होती आणि सुरुवातीचे नांगर खपायला कारखान्याला फार वाट पाहावी लागली. कारखानदाराचे चित्र छापून ही समजूत जाणार नव्हती. नांगर रानात उतरवून, तास किती खोल जातो ते डोळ्यांदेखत दाखवूनच ती जाणार होती. नांगराची खरी जाहिरात नांगरटच होती. पाहणारा वाकून माती हातात घेऊ शकत होता आणि विकणाऱ्याला तिथेच दोन शब्द सुनावू शकत होता. पुढे १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. शंकरराव चित्रकलेचे विद्यार्थी, पंडित सातवळेकरांकडे लाहोरला शिकलेले. जाहिरातीत चित्राची ताकद काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. ‘खबर’ हे कारखान्याच्या मालाचा परिचय करून देण्यासाठी आणि गिऱ्हाइकांशी संबंध राखण्यासाठी निघालेले पत्र होते, म्हणजे आजच्या अर्थाने शुद्ध प्रसिद्धीचे साधन. तेच वाढत जाऊन ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आले, आणि रेल्वेचे एक छोटे स्टेशन एवढीच ज्याची ओळख असायची ते ठिकाण मराठी वाचकांच्या घराघरांत माहीत झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण माझ्या म्हणण्याचा भार तिच्यावर आहे. नांगर विकणाऱ्याचा धंदा गिऱ्हाइकाला खूश ठेवण्याचा. त्याचे गिऱ्हाईक ग्रामीण, धर्मभीरू, रूढी मानणारे. अशा वेळी कारखान्याच्या नावाने निघणाऱ्या मासिकाने गुळमुळीत राहणे व्यवहाराला धरून झाले असते. ‘किर्लोस्कर’ने ते केले नाही. अंधश्रद्धा, जातिभेद, स्त्रियांवरची बंधने यांवर त्यात सडेतोड लिहिले गेले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे आणि रूढींवर घाव घालणारे निबंध तिथे आले, गाईबद्दलचे त्यांचे विचारही आले. यातले कितीतरी लेखन त्याच्याच वाचकांना झोंबणारे होते. मासिकाने वाचकाला वाद घालण्यासारखे काही दिले आणि त्याखाली नाव छापले. ज्या कारखान्याच्या नावाने वाद अंगावर घेतला जातो त्याच्या नांगराबद्दल तक्रार केली तर कुणी ऐकेल, असा भरवसा यातून तयार होतो. तो भरवसा हीच किर्लोस्करांची प्रसिद्धी होती. हे सगळे शेवटी माल खपवण्यासाठीच होते ना, असा आक्षेप कुणी घेईल. होतेच. पण हेतू व्यापारी असणे हा दोष मी मानत नाही. हेतू व्यापारी असूनही वाचकाच्या हाती तपासण्याजोगी वस्तू दिली की नाही, एवढेच मी विचारतो.

याच पट्ट्यात याच काळात गावोगाव माल घेऊन फिरलेला दुसरा माणूस म्हणजे भाऊराव पाटील. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्यातला प्रभाकर कंदील आणि किर्लोस्करांचा नांगर हे त्यांनी विकलेले माल. विक्रेत्याच्या फिरतीत त्यांना शेतकऱ्यांची घरे आणि शिक्षणावाचून राहिलेली मुले दिसली. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले, आणि त्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. भाऊराव प्रसिद्धीपराङ्मुख मुळीच नव्हते. गांधीजी १९२७ मध्ये साताऱ्याला आले तेव्हा वसतिगृहाला त्यांच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. अशा प्रसंगाचे मोल भाऊरावांना पुरते कळत होते. संस्था घराघरांतल्या मूठभर धान्यावर वाढत होती, तेव्हा ती मूठ कुठे जाते हे दाखवणे भागच होते. पंगत उघड्यावर बसत होती. ज्याला पटत नव्हते तो येऊन पाहू शकत होता आणि नावे ठेवू शकत होता, पुष्कळांनी ठेवलीही. विक्रेता म्हणून जे शिकायचे ते भाऊराव शिकले होते: वस्तू पुढे करावी आणि गिऱ्हाइकाला ती वाजवून घेऊ द्यावी.

बाजाराची साक्ष याहून रोकडी आहे. सांगली हळदीची पेठ आहे. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवे एके काळी दूरवर माहीत होती. आज इथे सौदे निघतात ते उघड बोलीने. ढिगाभोवती खरेदीदार उभे राहतात, अडत्या भाव पुकारतो, शेतकरी शेजारी उभा राहून ऐकतो. हे आपल्याला इतके साधे वाटते की वेगळी काही रीत असू शकते हे सुचतही नाही. पण पश्चिम भारतातल्या पुष्कळ बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत रूढ होती. अडत्या आणि व्यापारी यांना भाव कळे, माल ज्याचा त्याला मात्र जो सांगितला तो भाव खरा मानावा लागे. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला, मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये बाजारांचा कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. या कायद्यांनी शेतकऱ्याला पदरचे पैसे दिले नाहीत. रुमाल काढला आणि भाव मोठ्याने बोलायला लावला, एवढे त्यांचे मुख्य काम. त्या एका उघडेपणाने शेतकऱ्याला ‘या भावाला देत नाही’ म्हणण्याची जागा मिळाली. बाजार समित्यांत आजही गैरप्रकार होतात, तक्रारी होतात, हे खरे. पण त्या तक्रारी करता येतात त्याच मुळी भाव उघड पुकारला गेला म्हणून. रुमालाखालच्या भावाविरुद्ध साक्षीदार कुठून आणणार?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचाच आहे. साताऱ्याने देशाला दाखवलेले सर्वांत मोठे काम गुप्त होते. १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजी सत्तेविरुद्धचे नाना पाटलांचे प्रतिसरकार भूमिगत राहून चालले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग येत होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कुंडल हे त्या चळवळीचे एक केंद्र, म्हणजे किर्लोस्करांच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली, एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा खजिना. यातले काही आधी जाहीर करून करता आले असते काय? नसतेच आले. मग उघडेपणा हे सार्वजनिक कामाचे लक्षण कसे? उत्तर प्रतिसरकारच्या कारभारातच मिळते. त्यांनी ठावठिकाणा लपवला, शस्त्रे लपवली, निरोपांचे मार्ग लपवले. परंतु तंट्यांचा निवाडा करायचा तेव्हा गाव गोळा केले. दोन्ही बाजू लोकांसमोर ऐकल्या जात, निकाल लोकांसमोर सांगितला जाई. कमी खर्चाची गांधी-लग्ने चारचौघांत लागली. परकी सत्तेपासून जे दडवायचे ते दडवले. आपल्या लोकांवर जो अधिकार चालवायचा तो त्यांच्या डोळ्यांपुढे चालवला. गावगुंडांना आणि खबऱ्यांना झालेल्या सगळ्याच शिक्षा अशा रीतीने झाल्या असे म्हणता येणार नाही, आणि जिथे त्या रात्रीच्या अंधारात झाल्या तिथली कुरबुर मागे राहिली. तीही माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते. भूमिगत माणसांनासुद्धा आपला निवाडा खरा ठरण्यासाठी गावाची नजर लागली.

आता फ्लेक्सकडे येतो. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर असो की सांगलीच्या विश्रामबागेत, वाढदिवसाच्या फलकाची घडण ठरलेली आहे. मधोमध दादा, भाऊ, आबा किंवा साहेब, वर श्रेष्ठींचे चेहरे, खाली दोन-तीन रांगांत शुभेच्छुकांचे चेहरे आणि कोपऱ्यात ‘मित्रपरिवार’. रस्ता झाला तर ‘यांच्या प्रयत्नांतून’. या फलकावर एवढे चेहरे असतात, पण त्यातला प्रश्न विचारण्याजोगा शब्द शोधून सापडत नाही. रस्त्याच्या कामावर लावायचा दुसरा एक फलक असतो: कामाचे नाव, अंदाजपत्रकाची रक्कम, ठेकेदाराचे नाव, सुरुवात आणि पूर्ततेची तारीख, दोष-दायित्वाचा कालावधी. हा फलक लहान असतो, उशिरा लागतो, कित्येकदा लागतच नाही. ‘प्रयत्नांतून’वाला मात्र खडी पडण्याआधी लागतो. रस्ता पहिल्या पावसात उखडला तर कुणाला धरायचे ते छोट्या फलकावर लिहिलेले असते आणि श्रेय कुणाला द्यायचे ते मोठ्यावर. दोन्ही फलकांचा आकार उलटा व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

या बेबंदपणाविरुद्ध न्यायालयात गेलेली पहिल्या फळीतली संस्था साताऱ्याचीच आहे, याचा या जिल्ह्याने अभिमान धरावा. सुस्वराज्य फाउंडेशन विरुद्ध जिल्हाधिकारी, सातारा ही २०११ ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात चालली. ३१ जानेवारी २०१७ च्या निकालाने बेकायदा फलक, बॅनर, पोस्टर यांबाबत राज्यभरच्या महापालिका-नगरपालिकांना सविस्तर आदेश मिळाले. कायदा त्याआधीही होता. मालमत्ता विरूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ चा आहे, आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. तरीही निकाल पाळला गेला नाही म्हणून पुढे अवमानाची कार्यवाही चालवण्याची वेळ न्यायालयावर आली. ज्या पक्षांनी सभागृहात कायदे करायचे त्यांचेच फलक कायदा मोडून उभे राहतात, आणि ते काढायला गेलेल्या पालिकेच्या कर्मचाऱ्याला स्थानिक दबाव सोसावा लागतो. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे मेली तेव्हा काही दिवस सगळ्या शहरांत मोजमापे आणि तपासण्या सुरू झाल्या. जाहिरातीचा तो सांगाडा आणि गल्लीतला फ्लेक्स यांत आकाराचा फरक आहे, पण परवानगी कुणी दिली आणि जबाबदार कोण हे अपघातानंतर शोधावे लागते ही गत दोन्हीकडे सारखीच.

फ्लेक्सच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते मी टाळणार नाही. ज्याच्या घरात साखर कारखाना नाही, दूध संघ नाही, वर्तमानपत्र नाही, अशा गावाकडच्या पोराला आपण आहोत हे सांगायचे दुसरे साधन कोणते? पूर्वी फलकावर चेहरा यायला घराणे लागत होते. आता वर्गणी काढून तो आणता येतो. दलित वस्तीतल्या, मेंढपाळ वाडीवरच्या मुलांचे चेहरे चौकात दिसणे ही सामाजिक घटना आहे आणि तिला नाक मुरडणाऱ्यांत जुना अहंकारही असतो. हे मला मान्य आहे. पण त्या फलकावर हा मुलगा खालच्या रांगेत असतो आणि मधली जागा पुन्हा घराण्याचीच असते. वर्गणी त्याची, प्रसिद्धी साहेबांची. त्याने गावासाठी काही केले असेल, तर ते सांगायला फलकावर जागा उरलेली नसते. त्याच्यासाठी खरी सोय कोणती ते कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने दाखवले. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत वेळूला पहिले बक्षीस मिळाले, ५० लाखांचे. स्पर्धेमागे सिनेनटाची लोकप्रियता होती, दूरचित्रवाणी होती, म्हणजे प्रसिद्धीची सगळी साधने हजर होती. मात्र गुण मिळाले ते श्रमदानाला आणि मातीतल्या मोजलेल्या कामाला. चर किती खणले, बांध किती घातले हे कुणीही टेप लावून पाहू शकत होते. खोरे धरणाऱ्यांत गावातली अगदी साधी माणसे होती आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते त्यांच्या कामामुळे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातही हेच तत्त्व होते.

लोकांनाच चेहरे हवे असतात, आकडे कोण वाचतो, हा शेवटचा आक्षेप मी ऐकून घेतो, पण मानत नाही. आयर्विनच्या पातळीचे फूट आणि इंच ज्या शहरात लहान पोरांना पाठ असतात, हळदीचा आणि बेदाण्याचा भाव जिथे चहाच्या टपरीवर चर्चिला जातो, तिथल्या लोकांना आकडे नको असतात हे म्हणणे त्यांचा अपमान आहे. उपयोगाचा आकडा लोक वाचतात. तो त्यांच्यापर्यंत पोचवला जात नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. कुणी अर्ज न करता प्रत्येक कार्यालयाने आपणहून १७ बाबींची माहिती प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. ‘प्रसिद्ध करावी’ हेच शब्द. या एका कलमाची अंमलबजावणी ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रामाणिकपणे झाली तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत.

फलकांबाबतही नवा कायदा शोधायला नको. छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण असले पाहिजे, हा नियम या देशात १८६७ च्या कायद्याने घातला होता आणि तो कायदा २०२४ पर्यंत लागू होता. निवडणुकीच्या पत्रकांना आणि पोस्टरांना लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक दोघांचीही नावे-पत्ते छापावे लागतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत सांगली-साताऱ्यातले छापखानेवाले तो नियम बिनचूक पाळतात, कारण न पाळला तर तुरुंग आहे. मतमोजणी झाली की तोच छापखाना, तेच यंत्र, तोच चेहरा, पण तळची ती ओळ नाहीशी होते. ती बारा महिने सक्तीची करावी: फलक कुणी छापला, कुणी छापून घेतला, परवानगीचा क्रमांक काय आणि तो कोणत्या तारखेला उतरणार. सातारा नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका यांनी परवानगीच्या अटींत ही ओळ घातली, आणि ती नसलेला फलक बेकायदा समजून त्याच दिवशी उतरवला, तर चौकातल्या वीस शुभेच्छुकांपैकी तिथे स्वतःचे नाव द्यायला कोण तयार होतो ते पहिल्याच महिन्यात कळेल.